विरार फास्टमध्ये चढलेला बोरिवलीकर: एक प्रकरण अभ्यास

संध्याकाळच्या गर्दीत दादरला विरार फास्ट (बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत जाणारी, मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी लोकल) पकडून बोरिवलीला उतरायचा बेत केला की काय होतं, हे पश्चिम रेल्वेच्या जुन्या प्रवाशाला सांगायला नको. मुंबईत नवीन आलेल्याला मात्र हे कोणी आधी सांगत नाही. त्याला ते कोपर बरगडीत बसल्यावर कळतं. इथे मांडलेलं प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. ती कोणा एकाची हकिकत नाही, पण त्यातली प्रत्येक गोष्ट या मार्गावर नेहमी घडणारी आहे.

काय घडलं

प्रवासी तिशीच्या अलीकडचा. लातूरकडून नोकरीसाठी आलेला, ऑफिस दादर पश्चिमेला, राहायला बोरिवलीत तिघांत मिळून घेतलेली खोली. दादर–बोरिवली सेकंड क्लासचा पास. फलाटावर आधी लागेल ती फास्ट पकडायची एवढाच त्याचा हिशोब होता. विरार गाडी बोरिवलीला थांबते, मग चढायला हरकत काय?

सुरुवात टोमण्यांनी झाली. "बोरिवली गाड्या बंद झाल्या काय?", "अगली बार बोरिवली पकडना." त्याने ऐकून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात एकदा बोरिवली आली तरी दारातली माणसं हलली नाहीत. मागून त्याने "उतरायचंय, उतरायचंय" असा घोष लावला. तोवर फलाटावरचा लोंढा आत घुसला आणि गाडी सुटली. तो मीरा रोडला उतरला. पास बोरिवलीपर्यंतचाच असल्याने तिथे तो कायद्याच्या हिशोबाने विनातिकीट होता. टीसीने धरलं असतं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड.

दुसऱ्या दिवशी तोच डबा, तेच दार. या वेळी तो चिडलेला होता. अंधेरीनंतर कोणीतरी ढकललं तेव्हा त्याने तोंड उघडलं: "तुमच्या बापाची गाडी आहे का?" त्यावर शिव्या, मग खांद्याला धक्के. त्याने मोबाइल वर धरून व्हिडिओ काढायला सुरुवात केली. हातावर फटका बसला, मोबाइल खाली पडला, चष्म्याची काडी मोडली. बोरिवलीला त्याला उतरू दिलं, पण ढकलून. खाली पडलेला मोबाइल त्याच घोळक्यातल्या एकाने उचलून त्याच्या हातात दिला, ही गोष्ट नंतर त्याला सगळ्यात चमत्कारिक वाटली.

पुढचे काही दिवस तो रात्री साडेनऊनंतर ऑफिसातून निघू लागला. गाडी फलाटात शिरताना पोटात गोळा येऊ लागला. नोकरी सोडून परत जाण्याचा विचार त्याने घरी बोलून दाखवला तो याच दिवसांत.

भांडण कशाचं होतं

त्याला वाटत होतं की आपण गावाकडचे, बोलण्यात वेगळा हेल आहे, म्हणून हे चाललंय. भाषा, प्रांत, पेहराव हे सगळं डब्यात शिवी देताना हाताशी येतं, नाही असं नाही. पण भांडणाचं मूळ त्यात नसतं. मूळ दारातल्या जागेत असतं.

विरारला जाणाऱ्याला विरार गाडीशिवाय फारसा पर्याय नाही. बोरिवलीकराला बोरिवलीच्या स्वतंत्र गाड्या आहेत, शिवाय पुढे जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. चर्चगेट ते विरार साधारण ६० किलोमीटर, फास्ट गाडीलाही सव्वा ते दीड तास. गर्दीच्या वेळी डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, आणि हा आकडा रेल्वेनेच आपल्या नियोजनात धरलेला आहे. एवढ्या दाटीत नालासोपाऱ्याच्या माणसाच्या लेखी बोरिवलीकर म्हणजे ज्याला दुसरी गाडी होती आणि तरी आपल्या गाडीत घुसला असा माणूस.

त्याहून महत्त्वाचं कारण बोरिवलीच्या फलाटावर आहे. गाडी थांबते जेमतेम २० ते ३० सेकंद. दारात उभ्या असलेल्याने मागच्याला वाट द्यायची तर त्याला खाली उतरावं लागतं. उतरला की चढणाऱ्यांच्या रेट्यात त्याची जागा जाते, कधी गाडीही जाते. म्हणून तो हलत नाही. दारातला माणूस दुष्ट असेलच असं नाही, तो आपली जागा राखत असतो. अंधेरीला आणि बोरिवलीला फलाट वेगवेगळ्या बाजूंना आला तर आणखी पंचाईत. बोरिवलीच्या बाजूच्या दारातून मधल्या बऱ्याच वेळात कोणी चढलं-उतरलेलंच नसतं, आणि तिथे रोजच्या ग्रुपची पक्की भिंत झालेली असते.

ग्रुपबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्याच गाडीचा तोच डबा, तेच दार, वर्षानुवर्षं तीच मंडळी. दसऱ्याला डब्याला हार-तोरण करणारे हेच, कोणाला चक्कर आली तर पंख्याखाली बसवून पाणी पाजणारे हेच, आणि नवख्याला दारातून दटावणारेही हेच. मोबाइल उचलून देणाऱ्याचं कोडं इथे सुटतं. रोजच्या मंडळींना नवा चेहरा दोन-तीन दिवसांत पाठ होतो. आपण गर्दीत अनोळखी आहोत असं नवख्याला वाटतं, पण त्या दारात त्याला सगळे ओळखत असतात. म्हणूनच भांडणानंतर दुसऱ्या दिवशी त्याच दाराशी जाणं हे आव्हान दिल्यासारखं दिसतं, मग तुमच्या मनात तसं असो वा नसो.

कुठे चुकत गेलं

पहिली चूक गाडीची निवड. दुसरी, बोरिवली आल्यावर उतरायची तयारी करणं. तिसरी ते वाक्य. "बापाची गाडी" काढली की समोरच्याला मागे हटायला जागाच उरत नाही, कारण आता त्याचे रोजचे सोबती बघत असतात. तोवर कुरकुर करणारे चार जण होते, या वाक्याने ते एक बाजू झाले. चौथी चूक व्हिडिओची. गर्दीत मोबाइल चेहऱ्याच्या उंचीला धरला की तो समोरच्याच्या तोंडाशी जातो, हात वर अडकतो, तोल जातो, आणि चित्रीकरणात दिसतात ते छताचे पंखे. पुरावा म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य.

पाचवी चूक त्याची एकट्याची नव्हे, बहुतेकांची होते. डब्याचा नंबर, गाडीची वेळ, काहीच टिपलं नाही. ग्रुपमधल्या कोणाचं नाव माहीत नसतं, पण डबा, दार आणि गाडी एवढ्यावरून रेल्वे पोलीस माणसापर्यंत पोचू शकतात, कारण ती मंडळी उद्याही तिथेच उभी असणार.

काय बदललं

सगळ्यात आधी गाडी बदलली. दादरहून बोरिवलीपर्यंतच जाणारी गाडी धरायची, फास्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर स्लो. स्लोने थोडा वेळ जास्त जातो, पण बोरिवली शेवटचं स्टेशन असल्याने सगळा डबा तिथेच रिकामा होतो आणि उतरण्याचा प्रश्नच राहत नाही. नुसत्या या एका बदलाने त्याच्या तक्रारीचा मोठा भाग संपला. "मी का माघार घेऊ?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. विरार गाडीत चढण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण हक्क बजावायला रोज संध्याकाळी अर्धा तास अंगावर धक्के घ्यायचे की नाहीत, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा. आमचं मत विचाराल तर हक्कासाठी कागद लढवावा, अंग नव्हे.

दुसरा बदल डब्याचा. दादरला पुलाच्या जिन्यासमोर येणारे डबे सर्वांत तुंबलेले असतात. जिन्यापासून दोन-तीन डबे पुढे किंवा मागे गेलं की गर्दी थोडी विरळ होते, आणि ग्रुपही बदलतो. ग्रुपची हद्द डब्यापुरतीच असते. वेळही दहा-पंधरा मिनिटांनी सरकवली की चेहरे वेगळे.

काहींना बसूनच जायचं असतं. ते दादरहून उलट चर्चगेटला जाऊन तीच गाडी रिटर्न पकडतात. त्यासाठी पास चर्चगेटपर्यंतचा हवा. दादरपर्यंतच्या पासावर हा उद्योग केला तर वर सांगितलेला दंड ठरलेला. फर्स्ट क्लास आणि एसी लोकल हे आणखी दोन मार्ग. एसीत दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे दारात लटकणारा ग्रुप हा प्रकारच नाही. मुंबईत ती २५ डिसेंबर २०१७ पासून धावते. मात्र दोन्हींचा पास सेकंड क्लासच्या कितीतरी पट महाग, आणि तीन जणांत खोली घेऊन राहणाऱ्याला तो सल्ला देणं म्हणजे थट्टाच.

विरार गाडी पकडावीच लागली तर

कधी बोरिवली गाड्या रद्द होतात, कधी घरी तातडीचं काम असतं. तेव्हाची रीत अशी.

चढण्याआधी पाठीवरची बॅग छातीवर घ्या. चष्मा शक्य असेल तर डबीत, मोबाइल पुढच्या खिशात किंवा बॅगेच्या आतल्या कप्प्यात. पायात सुटी चप्पल नको, गर्दीत ती मागे राहते आणि ती शोधायला वाकलेला माणूस तुडवला जातो. बॅग रॅकवर दिली असेल तर गोरेगावलाच मागून घ्या. हातोहात यायला वेळ लागतो.

चढल्यावर दारात थांबू नका. दारातली जागा बोरिवलीकराची नाही हा अलिखित नियम मोडला की पहिल्या मिनिटालाच ठिणगी पडते. पण बसायच्या बाकांमधल्या गल्लीतही शिरू नका, तिथून बाहेर पडणं अशक्य. दाराच्या पॅसेजमध्ये मध्यावर, दांडा किंवा कडी हाताशी येईल असं उभं राहायचं. अंधेरीचा लोंढा चढून स्थिरावला की राम मंदिर स्टेशन मागे पडेपर्यंत सरकायला सुरुवात करा. आधी शेजाऱ्याला विचारा, "बोरिवली कुठल्या बाजूला येणार?" हा प्रश्न दुहेरी कामाचा आहे. बाजूही कळते आणि आपण उतरणार हे आसपासच्या पाच जणांना न भांडता समजतं.

मग पुढच्या प्रत्येकाला "बोरिवली?" असं एका शब्दात विचारायचं. तो उतरणार असेल तर त्याच्या मागे उभं राहा. विरार गाडीत बोरिवलीकर चार असले तरी एका ओळीत असले की त्यांना वाट मिळते, विखुरलेले असले की कोणालाच नाही. पुढचा उतरणार नसेल तर जागा बदलायची: "तुम्ही आत या, मी पुढे होतो." एवढ्या दाटीत वाट काढता येत नाही, अदलाबदलच करावी लागते. दोघांनीही आडवं व्हायचं, बॅग छातीवरून खाली मांडीशी धरायची, ज्या खांद्याने पुढे सरकायचं तो आधी घालायचा आणि त्याच बाजूचा पाय मागून न्यायचा. पाय आधी घातला की तो कोणाच्या तरी बुटावर पडतो आणि भांडण तिथे सुरू होतं. मालाड येईपर्यंत दारापासून दुसऱ्या रांगेत असायला हवं. कांदिवलीला हालचाल सुरू करणाऱ्याची बोरिवली गेली असंच समजा.

गाडी पूर्ण थांबण्याआधी उडी मारू नका. आणि दाराबाहेर लटकून "म्हणजे उतरायला सोपं" हा हिशोबही नको. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ फूटबोर्डवरचे प्रवासी धावत्या लोकलमधून पडून मेले. त्या दिवसानंतर या विषयावर आणखी काही सांगायची गरज उरलेली नाही.

तोंडचे शब्द

टोमण्याला उत्तर द्यायचं नाही, विनंती मात्र मोठ्याने करायची. पुटपुटलेली विनंती कोणी ऐकत नाही आणि ऐकली तरी न ऐकल्यासारखं करता येतं. वाक्य छोटं, संबोधन घरचं: "दादा, बोरिवली. थोडी वाट द्या." वयस्कर असेल तर काका. हिंदीत बोलणारा असेल तर "भैया" टाळा, मुंबईत त्या शब्दाला वेगळा वास येतो. "भाई" किंवा "बॉस" चालतं. समोरचा "विरार गाडीत कशाला चढलास?" म्हणाला तर "आज चुकलं, दादा, पुढच्या वेळी बोरिवली पकडतो." चूक नसताना चूक कबूल करायची का? पंधरा मिनिटांच्या प्रवासापुरतं तरी हो. या वाक्याने समोरच्याचं त्याच्या सोबत्यांसमोरचं काम झालेलं असतं आणि पुढे ताणण्यात त्याला मजा उरत नाही.

नजरेला नजर भिडवून राहू नका, आणि मानही खाली घालू नका. दाराच्या वरच्या पट्टीकडे बघत राहावं. दोन्ही हात कामात असावेत, एक दांड्यावर, एक बॅगेवर. मोकळा हात उचललेला दिसला की तो मारायला उचलला असंच वाटतं.

धक्काबुक्की सुरूच झाली तर उलट धक्का देऊ नका. डब्यात मध्यस्थ नसतो, आणि दाराजवळ दोघांपैकी कोणाचाही तोल गेला तर फौजदारी प्रकरण तुमच्याही नावावर लागतं. मोठ्याने, पण शिवी न घालता, "मला मारताय, हात लावू नका" असं दोनदा म्हणायचं. हे वाक्य आजूबाजूच्या बाकीच्यांसाठी असतं. साखळी ओढायची का? स्टेशन चुकलं म्हणून नाही. विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी पडलं, कोणाला जबर मार बसतोय, हत्यार निघालं, तर मात्र कारण पुरेसं आहे.

बघणाऱ्यांनाही करण्यासारखं असतं. धक्के देणाऱ्याशी वाद घालू नये, ज्याला धक्के बसतात त्याच्याशी बोलावं: "बोरिवली ना? इकडे या, माझ्या मागे." एवढ्याने तो एकटा राहत नाही. नमुन्यातल्या प्रवाशाला पूर्ण डब्यात असा एकही माणूस भेटला नव्हता.

उतरल्यावरचा अर्धा तास

फलाटावर आल्यावर लगेच घर गाठायचं नाही. आधी वळून सुटणाऱ्या गाडीच्या डब्याचा फोटो घ्यायचा. डब्याच्या बाहेरच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो, आतही असतो. फोटो नाही जमला तर चर्चगेटकडून कितवा डबा आणि कितवं दार. मग बाकावर बसून मोबाइलमध्ये लिहून काढा: गाडी दादरहून किती वाजताची, कोणत्या फलाटावर आली, बोरिवलीला किती वाजता, मारणाऱ्याचा शर्ट, उंची, दाढी, बॅग, कोणी त्याला कुठल्या नावाने हाक मारली का. हाक मारलेलं नाव फार उपयोगी पडतं. रात्री झोपून उठलं की यातलं अर्धं पुसलं जातं.

कोणी उतरून मागे येत असेल तर पुलावर एकटं चढू नका. स्टॉलजवळ, उजेडात थांबा, स्टेशन मास्तरांचं ऑफिस किंवा पोलीस चौकी गाठा.

मदतीचे नंबर: रेल्वेची हेल्पलाइन १३९, लोहमार्ग पोलिसांची १५१२, आणि कुठेही ११२. डब्यात असतानाच १३९ ला कळवलं तर पुढच्या स्टेशनवर आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, जवान येऊ शकतात, पण गर्दीच्या वेळी दोन स्टेशनांमधलं अंतर त्यांना पुरतंच असं नाही. भरवसा त्याच्यावर ठेवू नये, नोंद मात्र होते.

तक्रार कुठे आणि कशी

इथे लोक हमखास चुकीच्या खिडकीत जातात. आरपीएफ केंद्राची, ती रेल्वे कायद्याखालचे गुन्हे बघते. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, राज्य सरकारचे. मारहाण, अडवणूक, धमकी हे त्यांच्याकडे. पश्चिम मार्गावर अंधेरी, बोरिवली, वसई रोड इथे त्यांची ठाणी आहेत. बाहेरच्या शहर पोलीस ठाण्यात गेलात तर "रेल्वेत जा" असं ऐकू येईल. कायद्याने हद्दीचं कारण देऊन दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. तरी वेळ वाचवायचा तर सरळ जीआरपी.

आता खरी मेख. प्रवासी ठाण्यात जाऊन म्हणतो, "मला शिव्या दिल्या, मारलं." साधी मारहाण भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये आणि चिथावणीसाठी केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो, दोन्ही अदखलपात्र. मग एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात कागद मिळतो, आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण "मला माझ्या स्टेशनवर उतरू दिलं नाही" ही गोष्ट वेगळी आहे. ज्या दिशेला जायचा हक्क आहे तिकडे जाण्यापासून अडवणं हा कलम १२६(२) खालचा दखलपात्र गुन्हा आहे, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण तपास होऊ शकतो, फरक एवढाच आणि तोच महत्त्वाचा. म्हणून तक्रारीचं पहिलं वाक्य अडवणुकीचं हवं, शिव्यांचं नंतर.

रेल्वे कायदा, १९८९ मध्येही दोन कलमं कामाची आहेत. कलम १४५: गाडीत उपद्रव, शिवीगाळ, सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, शिवाय पास जप्त. रोजच्या प्रवाशाला दंडापेक्षा पास जाण्याचा धाक मोठा. कलम १५५(२): राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढण्यापासून अडवणं, २०० रुपयांपर्यंत दंड. हे फारसं कोणाला माहीतच नाही.

नमुन्यातल्या प्रवाशाने दिलेला अर्ज साधारण असा होता:

"दिनांक अमुक रोजी संध्याकाळी ७.४० च्या सुमारास मी दादर येथून विरार फास्ट लोकलच्या सेकंड क्लास डब्यात (चर्चगेटकडून चौथा डबा, विरारकडील दार) चढलो. माझ्याकडे दादर–बोरिवली पास आहे. बोरिवली स्थानकात मी उतरण्यास निघालो असता दारातील चार-पाच जणांनी मला अडवून उतरू दिले नाही, त्यामुळे मला मीरा रोड येथे जावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत त्याच दारात त्याच इसमांनी मला ढकलून मारहाण केली, त्यात माझा चष्मा तुटला व उजव्या बरगडीस मार लागला. त्यापैकी एक इसम अंदाजे ४० वर्षांचा, निळा चौकडी शर्ट, यास इतरांनी 'शेठ' अशी हाक मारली. सदर इसम रोज याच डब्यात असतात. बोरिवली स्थानकातील त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे ही विनंती."

चित्रण जतन करण्याचं वाक्य विसरायचं नाही. फुटेज कायमचं ठेवत नाहीत, त्यावर नवं चढतं. मार लागला असेल तर पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीचं पत्र मागून घ्या. बोरिवलीहून जवळ कांदिवलीचं शताब्दी रुग्णालय आहे. आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ मोबाइल आणि मूळ फाइल सांभाळा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबली जाते आणि तिची मूळ माहिती गळते. कोर्टात अशी नोंद मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, एनसीचीही मागून घ्यावी.

निकाल काय लागला

इथे फार अपेक्षा ठेवू नये. प्रवाशाच्या अर्जावर आधी एनसीच लिहिली गेली. उतरू न दिल्याचा मुद्दा त्याने वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे लेखी अर्जाने पुन्हा दिला, मग चौकशी झाली. काही संध्याकाळी बोरिवलीला त्या डब्यासमोर आरपीएफचे दोन जवान उभे राहिले, ग्रुपमधल्या दोघांना बोलावून समज दिली गेली. कोणाला कैद झाली नाही. चष्म्याचे पैसे मिळाले नाहीत. पण पुढे दुसऱ्या कोणी तक्रार केली तर त्या डब्याच्या नावावर आधीची नोंद आहे.

पोटातला गोळा मात्र कागदाने गेला नाही. रात्री उशिरा निघण्याची सवय आधी आठवड्यातून दोनच दिवसांवर आणली, मग बंद केली. सुरुवातीला खोलीवरचा एक जण दादरपर्यंत येऊन सोबत परतला, तोही वेगळ्या डब्यातून. गाडी पूर्ण सोडून रोज बस किंवा टॅक्सी धरली असती तर भीती तेवढीच राहून खर्च वाढला असता. झोप उडाली, जेवण जाईना, गाडीचा आवाज ऐकून घाम फुटू लागला आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

हीच पद्धत कुठे लागू नाही

बायकांच्या डब्यातली भांडणं वरवर अशीच दिसतात: चौथी सीट (तिघींच्या बाकावर सरकून केलेली जागा), उतरायची रांग, "तू कुठे उतरणार?" म्हणून आधीच बुक केलेली जागा. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला उतरायचं स्टेशन विचारून जागेचा क्रम लावायची पद्धत आहे, नवखीने चढल्याबरोबर तो क्रम विचारून त्यात आपला नंबर लावला की निम्मा त्रास टळतो. मात्र पुरुषाने अंगाला हात लावला, अश्लील बोलला, मागे आला, तर अदलाबदल, नम्र वाक्य, माघार यातलं काहीच करायचं नाही. तिथे ओरडायचं, बाकीच्यांना गोळा करायचं आणि १५१२ लावायचा. त्या बाबतीत न्याय संहितेची कलमं दखलपात्र आहेत आणि पोलिसांना एनसीवर भागवता येत नाही.

प्यायलेल्या माणसाशीही बोलणं व्यर्थ. पुढच्या स्टेशनवर उतरून डबा बदला, मग १३९ ला डब्याचा नंबर सांगा. आणि दारात कोणाच्या हातात ब्लेड किंवा चाकू दिसला तर बोरिवली गेली तर जाऊ द्या. मीरा रोडहून परतीची गाडी दर काही मिनिटांनी असते.